डेलची वही

सांगलीहून मुंबईला जाणारी ट्रॅव्हल्सची बस साडेसहाला सुटणार होती, आणि सहा वाजून गेले तरी बाबा फुटपाथवर उकिडवे बसून माझ्या सुटकेसवर पत्ता लिहीत होते. घरून निघताना चिकटवलेलं कागदी लेबल रिक्षातच निघून आलं होतं. २००१ चा ऑगस्ट. बाबा पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. कालव्यांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे अक्षर अगदी छापल्यासारखं. शेजारच्या पेंटरच्या दुकानातून त्यांनी पांढरा रंग आणि बारीक ब्रश मागून आणला होता. माझं नाव, घर नंबर, ट्रॉय, मिशिगन, सगळं सरळ रेघेत लिहून झालं आणि झिपकोडचा एक आकडा चुकला. दुसऱ्या कोणी तो रुमालाने पुसून टाकला असता. बाबांनी चुकलेल्या आकड्यावरून एक बारीक आडवी रेघ मारली, वर बरोबर आकडा लिहिला आणि बाजूला आपली आद्याक्षरं केली. वि. ग.

"अहो, ती बॅग आहे, स्कोअरबुक नाही," आई म्हणाली.

पण सवय तिथलीच होती. वर्षानुवर्षं दर रविवारी बाबा गावातल्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर असायचे. टेबल, खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि वही, एवढाच त्यांचा संसार असायचा तिथे. पेन्सिल वापरायची नाही, खोडरबर जवळ ठेवायचं नाही. चूक झालीच तर रेघ अशी मारायची की खालची चूक वाचता आली पाहिजे, आणि शेजारी सही. "चूक दडवली की सगळी वही खोटी होते," हे त्यांचं वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो होतो. बस हलली तेव्हा त्यांनी मिठी वगैरे मारली नाही, आमच्या घरात ती पद्धत नव्हती. "पोचलास की कळव," म्हणाले आणि उजवा हात वर केला. बोटांना पांढरा रंग लागलेला होता. तो हात पुढे माझा इतका पाठलाग करेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ट्रॉयला आम्ही सहा जण कन्सल्टिंग कंपनीच्या दोन बेडरूमच्या गेस्टहाउसमध्ये राहत होतो. सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर एकेक प्रोजेक्ट बंद पडत गेलं आणि आम्ही सगळे बेंचवर आलो, म्हणजे काम मिळेपर्यंत नुसतं वाट बघत बसायचं. तुमच्यापैकी जे त्या काळात इकडे आलात त्यांना हे सांगायला नको. दिवसभर फोनकडे डोळे. तो वाजला की सहाच्या सहा जण उभे राहायचे, आणि बहुतेक वेळा पलीकडे कोणीतरी गालिचे धुऊन देणारा असायचा. नागपूरचा प्रफुल्ल आम्हाला धीर द्यायचा. "काहून टेन्शन घेतो बे? येते ना फोन." त्याचा फोन आलाच नाही, डिसेंबरात तो परत गेला. मी मात्र दर शनिवारी कॉलिंग कार्ड खरवडून घरी सांगायचो की काम छान चाललंय. बाबांनी एकदा विचारलं, "बसायची जागा खिडकीजवळ आहे का?" मी हो म्हणालो. नसलेल्या ऑफिसातली नसलेली खिडकी. इतक्या सहज खोटं बोलता येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वर्षी गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत काम लागलं आणि मी मिशिगनमधल्याच नोव्हायला राहायला गेलो. त्या अपार्टमेंटच्या तळघरातल्या लाँड्रीत डेल भेटला. सहा फुटांवर उंच, तिशी ओलांडलेला, टॉवेलच्या कडा जुळवून सुबक घड्या घालत उभा. ड्रायर थांबायची वाट बघत मी टेनिसचा चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात फिरवत होतो, जुनी लेगस्पिनची खोड. त्याने विचारलं, ते तिसऱ्या बोटाने काय करतोस? मी करून दाखवलं. मग खिशातून बेसबॉलचा चेंडू काढून त्याने त्याची पकड दाखवली. माणूस कपडे धुवायला येतानाही चेंडू खिशात घेऊन येतो, हे पाहून मला उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं झालं. तेवढ्यात कोणाचा तरी मोबाइल वाजला आणि डेलचा उजवा खांदा आपोआप गोल फिरला. तो ओशाळून हसला. म्हणाला, धंद्याची सवय.

त्याचा धंदा असा. बेसबॉलमध्ये सुरुवात करणारा पिचर दमला किंवा मार खायला लागला की मधूनच दुसऱ्याला बोलावतात. तो रिलीफ पिचर. मैदानाच्या कडेला कुंपण घातलेली एक जागा असते, बुलपेन. तिथे ही मंडळी दोन-अडीच तास बसून राहतात. भिंतीवर एक फोन. फोन आला की ज्याचं नाव घेतील त्याने उठायचं, हात गरम करायचा, आणि दुसऱ्याने बिघडवून ठेवलेल्या सामन्यात जाऊन उभं राहायचं. डेल मैदानात शिरताना एवढंच विचारायचा, "हाउ मेनी ऑन, हाउ मेनी आउट?" आत किती, बाद किती. कसं झालं, कोणामुळे झालं, हे त्याने कधी विचारलं नाही. कालच्या सामन्याबद्दलही तो बोलायचा नाही, जिंकलेला असो वा हरलेला. सहा वर्षांत चार संघ, कधी वरच्या लीगमध्ये, कधी खालच्या. नोव्हायमध्ये तो हिवाळ्यापुरता राहायचा, कारण त्याची मुलगी तिच्या आईकडे जवळच होती. त्याची बॅग कायम दाराशी भरलेली असायची. सीझन सुरू झाला की त्याच्या पिकअप ट्रकची किल्ली माझ्याकडे, दर रविवारी इंजिन चालू करून ठेवायला.

हे सगळं मी बाबांना पत्रात लिहिलं. लिहायला माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? सीटचं सॉफ्टवेअर? बाबांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, आणि त्यात माझ्या तब्येतीची चौकशी शेवटच्या ओळीत होती. आधीचं सगळं पान डेलचं. त्यांना एका नियमाने झपाटून टाकलं होतं. रिलीव्हर आत येतो तेव्हा जे धावपटू आधीपासून बेसवर उभे असतात, ते पुढे शेवटच्या बेसवर, म्हणजे 'घरी', पोचले तर त्या धावा आधीच्या पिचरच्या नावावर लागतात, याच्या नाही. "म्हणजे घाण ज्याची त्याच्याच नावावर," बाबांनी लिहिलं होतं. "फार न्यायाचा नियम आहे. आपल्याकडे ऑफिसात हवा होता." पुढे प्रश्न होता. फोन आला, माणूस उठला, हात गरम केला, आणि मग बोलावलंच नाही, तर ते कुठे लिहितात?

मी डेलला विचारलं. कुठेच नाही, तो म्हणाला. तसं तर निम्म्या दिवशी होतं.

बाबांना हे पटलं नाही. त्यांनी नवी दोनशे पानी वही घेतली, कव्हर घातलं आणि आमच्या सांगलीच्या दोन खोल्यांच्या घरात अमेरिकेतल्या एका पिचरची कारकीर्द लिहायला बसले. इतर रकाने मी सांगितले तसे. एक रकाना त्यांचा स्वतःचा होता, "तयार होता". उठला पण बोलावलं नाही, अशा दिवशी त्यात बरोबरची खूण. डेलला हे कळलं तेव्हा तो आधी हसला, मग त्याने त्या रकान्याचं नाव मला पुन्हा म्हणायला लावलं. त्या सीझनपासून दर आठवड्याला त्याची ईमेल यायला लागली. दोन ओळींची. वडिलांना सांग, मंगळवारी दोनदा, शुक्रवारी एकदा. मी ते शनिवारी सकाळी फोनवर वाचून दाखवायचो, आणि तिकडे संध्याकाळी बाबा वही उघडून बसलेले असायचे. "हळू सांग, लिहितोय," असं म्हणायचे. आमच्यात एवढं बोलणं मी सांगलीत असतानाही कधी झालं नव्हतं.

२००२ च्या हिवाळ्यात मी घरी जाणार होतो. व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकून लोक तिकडेच राहतायत म्हणून कॅन्सल केलं. २००४ ला माझ्या लग्नासाठी गेलो तेव्हा डेलने सहीचा चेंडू दिला होता. बाबांनी तो फिरवून पाहिला, "शिवण उंच आहे," म्हणाले आणि वहीशेजारी ठेवून दिला. मग २००५ ची दिवाळी. प्रोजेक्ट ऐन दिवाळीत लाइव्ह जाणार म्हणून तेही रद्द. त्याच सुमारास घरून येणाऱ्या पत्रांचं अक्षर बदललं. लांबट, घाईचं, ताईचं. "बाबा सांगताहेत, मी लिहितेय. त्यांच्या चष्म्याचा नंबर बदललाय." फोनवर बाबांचे शब्द जरा ओले, सैल वाटायचे. आई म्हणाली, "नवी कवळी आहे रे, अजून बसली नाही नीट." मी म्हटलं, डॉक्टरांना घासून द्यायला सांगा. एवढंच म्हटलं. दीड वर्ष ताईच्या अक्षरातली पत्रं येत राहिली आणि मी ती वाचून ड्रॉवरमध्ये टाकत राहिलो. ज्या माणसाने घाईतही सुटकेसवर नकाशासारखं अक्षर काढलं, त्याने लिहिणं का सोडलं, हा साधा प्रश्न मला एकदाही पडला नाही. २००६ च्या मेमध्येही जायचं ठरलं होतं. पासपोर्ट वकिलाकडे व्हिसाच्या कागदपत्रांत होता. कॅन्सल.

आता जे लिहायचं ते लिहायला मला आजवर जमलेलं नाही.

२००७ च्या मार्चमध्ये बाबांची सत्तरीची शांत होती. या वेळी काहीच अडथळा नव्हता. व्हिसावर शिक्का होता, दोन आठवड्यांची रजा मंजूर झाली होती. पण सांगली म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, रोज चार घरी चहा, प्रत्येक घरी "परत कधी येणार?" आणि त्यावर द्यायचं तेच गुळमुळीत उत्तर. मी थकलो होतो, निदान तसं स्वतःला सांगत होतो. घरी फोन करून म्हणालो, रजा मिळत नाहीये. बाबा लगेच म्हणाले, "असू दे, असू दे. नोकरी सांभाळ." आणि मग त्याच रजेत मी आणि माझी बायको विमानाने तीन तासांत फ्लोरिडाला गेलो. डेल तिथे एका संघाच्या सराव शिबिरात होता आणि कधीपासून ये म्हणत होता.

तो आम्हाला पाहून खूश झाला. त्याच्या भाड्याच्या खोलीवर आम्ही सकाळी टोस्ट खात होतो. जॅमची बाटली त्याने गुडघ्यांत धरली आणि झाकण डाव्या हाताने उघडलं. मग कॉफीचा मग डाव्या हाताने उचलला. शर्टाची बटणंही. मी बघत होतो. त्याला कळलं की मी बघतोय. त्याने उजवं कोपर टेबलाखाली घेतलं आणि हळूच मान हलवली, बोलू नकोस. छत्तिशीतल्या रिलीव्हरचं कोपर गेलंय हे संघाला कळलं असतं तर त्याला तिथूनच घरी पाठवलं असतं. मी कोणालाच बोललो नाही. आणि आजही सकाळी टोस्टचा वास आला की मी उठून खिडकी उघडतो, ते यासाठी. एक माणूस दुखणारा हात कसा लपवतो हे मला एका न्याहारीत ओळखता आलं. माझ्या बापाचं मला दीड वर्षात कळलं नाही.

एप्रिलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत डबा खात होतो तेव्हा ताईचा फोन आला. लकव्याचा पहिला अटॅक २००५ च्या दिवाळीआधीच येऊन गेला होता. उजवा हात गेला होता, जीभ जड झाली होती. हा दुसरा. "बाबांनीच शपथ घातली होती रे," ताई रडत म्हणाली. "म्हणाले, तो घाबरून उठून येईल आणि त्याचं तिकडचं सगळं बिघडेल." मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. अग्नी भावजींनी दिला होता.

तेराव्यानंतर ताईने वही माझ्या हातात दिली. मी ती तिच्या समोरच उघडली. २००५ च्या सप्टेंबरपर्यंत तेच छापील अक्षर. मग सीझन संपला म्हणून हिवाळाभर काही नाही. आणि मग आकडे परत सुरू झाले होते, मोठे, वाकडे, रेघेबाहेर जाणारे, पहिलीतल्या मुलाने काढावेत तसे. त्यांनी डावा हात शिकून घेतला होता. पत्र त्या अक्षरात मला पाठवायचं नव्हतं, पण डेलची वही दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नव्हती. दर शनिवारी मी भराभरा आकडे वाचत होतो आणि "हळू सांग, लिहितोय," म्हणत ते तिकडे एकेक आकडा डाव्या हाताने कोरत होते. शेवटच्या ओळी एप्रिलच्या होत्या.

शेवटचं पान उलटलं तर मागच्या बाजूला आणखी एक तक्ता होता. वर माझं नाव, मंदार. खाली साल आणि कारण, आणि तोच रकाना, "तयार होता". २००२, स्टॅम्पिंग. बरोबरची खूण. २००५, प्रोजेक्ट. खूण. २००६, पासपोर्ट वकिलाकडे. खूण. या शेवटच्या दोन ओळी डाव्या हाताच्या. आणि सगळ्यांत खाली, "२००७, शांत. रजा मिळाली नाही." त्याच्यापुढे डाव्या हाताची थरथरती, पण ठसठशीत खूण. तयार होता.

"काय झालं रे?" ताईने विचारलं. मी काही नाही म्हणालो.

डेलचं कोपर त्या मे महिन्यात मैदानातच गेलं. ऑपरेशन झालं, पुढच्या वर्षी त्याने परत प्रयत्न केला, आणि मग कोणाचाच फोन आला नाही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तो नोव्हाय सोडून अ‍ॅरिझोनाला भावाकडे निघाला. आमच्याकडेही तेव्हा गाडी कंपन्यांची वाताहत सुरू झाली होती आणि निम्मा मजला रिकामा झाला होता. निघायच्या आदल्या दुपारी तो निरोप घ्यायला घरी आला. मी चहा केला आणि वही त्याच्यासमोर ठेवली. बाबांचे आकडे इंग्रजी होते, त्यामुळे त्याला तारखा वाचता येत होत्या. तो पानं उलटत राहिला. अक्षर बदललं तिथे थांबला. मी सांगितलं. त्याने त्या वाकड्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग मी मागचं पान काढून शेवटची ओळ त्याला इंग्रजीत वाचून दाखवली. ती रजा कुठे गेली हे त्याला माहीत होतं. तिथला जॅम त्यानेच उघडला होता.

 तो वही परत पुढून उघडून काहीतरी शोधायला लागला. २००६ च्या जूनमधल्या एका बुधवारी त्याचं बोट थांबलं.

"ही खूण खोटी आहे," तो म्हणाला. "फोन आला, मी उठलो. पण हात वरच जात नव्हता. देवाकडे मागत होतो की मला बोलावू नये. नाही बोलावलं. आणि मी तुला ईमेलमध्ये लिहिलं, बुधवारी एकदा." थोड्या वेळाने म्हणाला, "तुझे वडील चूक कशी दुरुस्त करायचे?"

मी तळघरात गेलो आणि ती सुटकेस वर घेऊन आलो. झिपकोडवरची रेघ दाखवली, शेजारची वि. ग. दाखवली. डेलने ती नीट पाहिली. मग माझ्याकडून पेन घेतलं, डाव्या हाताने वही सरळ धरली आणि बुधवारच्या खुणेवर एक बारीक आडवी रेघ मारली, खालची खूण वाचता येईल अशी. शेजारी आपली आद्याक्षरं लिहिली. चार संघांना आणि दोन डॉक्टरांना फसवलेला माणूस सांगलीच्या एका स्कोअररपुढे खरं बोलून मोकळा झाला. पेन त्याने माझ्याकडे सरकवलं आणि चहा संपवून गेला.

तुम्ही जे तिकडे भारतातच राहिलात ते विचारता, आता घर कुठलं, सांगली की नोव्हाय? सांगलीच्या खोल्या आता रिकाम्या आहेत, आई ताईकडे असते. नोव्हायला अंगण आहे, हप्ते आहेत, फोन वाजला की अजून उठून उभा राहणारा मी आहे. घर म्हणाल तर ते त्या वहीच्या शेवटच्या पानावरच उरलंय, जिथे एका माणसाने मला काही न विचारता, माझ्या शब्दावर, न वळणाऱ्या हाताने एक खूण केली. रविवारी दुपारी मी ती वही काढतो. माझ्या ओळीवर रेघ मारायला किती वेळ लागतो? क्षणभर. पण रेघ मारली की मी त्या दिवशी तयार नव्हतो, हे बाबांना कळेल.

मी पेनचं टोपण काढतो, थोडा वेळ बसतो, आणि परत लावतो.